आधी काटा काढा, बाकीचं मग

प्रश्न : आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. गेल्या रविवारी काजूच्या डोंगरावर बोंडू गोळा करताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मनगटाजवळ मधमाशी चावली. सासूबाईंनी कोयत्याचं पातं घासलं आणि वर पानाचा चुना लावला. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. शेजारी म्हणतात विष चढतंय, अँटिबायोटिक सुरू करा. घरी नेमकं काय करायला हवं होतं? पुन्हा चावली तर जिवाला धोका आहे का?
– एक आई

उत्तर : ताई, विष चढत नाहीये. मधमाशीच्या डंखाची सूज काही मुलांना अशीच मोठी येते. पहिले दोन दिवस ती वाढते आणि आठवड्याभरात उतरते. हे उत्तर छापून येईपर्यंत तुमच्या मुलाचा हात बहुधा पूर्ववत झाला असेल. पहिल्याच दिवशी आलेली लाली आणि खाज ही जंतूंमुळे नसते, त्यामुळे तिला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दोन-तीन दिवस उलटल्यावर दुखणं उलट वाढलं, ताप आला, पू दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

आता घरी काय करायचं ते. सत्तरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी तीस वर्षं नर्स होते. काजूच्या दिवसांत असे हात रोज बघायचे. मधमाशीच्या काट्याला उलटे दाते असतात, म्हणून तो कातडीत अडकतो आणि माशी उडताना तिच्या पोटातून तुटून मागे राहतो. नीट पाहिलंत तर केसासारखा काळा काटा आणि त्याच्या टोकाला पांढुरकी, मोहरीहून लहान पिशवी दिसेल. ती पिशवी माशी गेल्यावरही आकसत-फुलत राहते आणि विष आत ढकलते. बहुतेक सगळं विष पहिल्या वीस सेकंदांत उतरतं. कोयता आणायला घरात जाईपर्यंत तेवढा वेळ निघून जातो.

पूर्वी आम्हाला शिकवायचे की काटा चिमटीत धरू नका, पिशवी पिळली जाईल, बोथट कडेने खरवडा. मीही वर्षानुवर्षं तेच सांगितलं. पण 1996 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या प्रयोगात खरवडलेला आणि चिमटीने उपटलेला, दोन्ही डंखांची सूज सारखीच निघाली. फरक पडला तो फक्त वेळाने. म्हणून जे हाताशी असेल त्याने, नखाने म्हणा, बोटांनी म्हणा, काटा लगेच काढायचा. गांधीलमाशीचा काटा मागे राहत नाही, तिथे शोधत बसू नका.

काटा निघाला की त्या जागेवरून दूर व्हा. डंखाला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासाने दुसऱ्या माश्या येतात. मग साबण-पाण्याने धुवायचं, हातातलं कडं, गंडा, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा, हात उंच ठेवायचा. खाज फार असेल तर सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी, दुखत असेल तर पॅरासिटामॉल, लहान मुलाला वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून.

सासूबाईंवर रागावू नका, त्यांनी मायेनेच केलं. पण चुना पुन्हा लावू देऊ नका, मुलांची कातडी त्याने भाजते. लोखंड, हळद, सोडा, कांदा यांतलं काहीच कातडीखाली गेलेल्या विषापर्यंत पोचत नाही.

जिवाच्या धोक्याबद्दल तुम्ही विचारलंत, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी नोकरीला नवीन असताना एक नारळ काढणारा तरुण आमच्याकडे आला, मानेवर डंख घेऊन. मी चिमटा घेऊन त्याच्या मानेत काटा शोधत राहिले. डॉक्टर ओरडले तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ सुजले होते, पोटावर गांधी उठल्या होत्या, आवाज घोगरा झाला होता. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि तो वाचला. मागच्या वर्षीच्या डंखानेही अंगावर गांधी आल्या होत्या, हे त्याने नंतर सांगितलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, चावलेल्या जागेवर डोळे लावून बसू नका, पहिला तासभर बाकीचं अंग बघा.

अंगभर गांधी, ओठ-जीभ-डोळे सुजणं, श्वासाला घरघर, उलट्या, चक्कर, यांतलं काही दिसलं तर लगेच 108. माणसाला आडवं निजवून पाय उंच करा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका आणि स्कूटरवर मध्ये बसवून आणू नका. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका, अशा वेळी ती पुरत नाही. डंख तोंडात किंवा घशात झाला असेल तरी थांबायचं नाही. बोंडू चोखताना आत बसलेली माशी तोंडात जाते, हे मी पाहिलंय. आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं, विहिरीत उडी मारायची नाही. दहाहून जास्त डंख झाले तर बरं वाटत असलं तरी इस्पितळात न्या, पुष्कळ विषाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

तुमच्या मुलाला फक्त हाताची सूज आली होती. अशा शंभर जणांत पुढच्या डंखाला अंगभर त्रास होणारे पाच-दहाच. त्याला डोंगरावर जाऊ द्या. पायात बूट घाला, आणि खाली पडलेला बोंडू उचलण्याआधी काठीने उलटून बघायला शिकवा, माश्या बहुतेक फुटलेल्या बाजूला, खाली बसलेल्या असतात.