बीपीमुळे डोळ्याचा पडदा कसा खराब होतो? वडिलांना नीट दिसतं, तरी तपासणी कशाला?

तुमच्या वडिलांचं बीपी १७०/१०० आहे, म्हणून तपासणी हवीच. पडद्याचं नुकसान सुरुवातीला जाणवतच नाही. चष्म्याचा नंबरही बदलत नाही.

पडद्यातल्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक. दाब सतत जास्त राहिला की धमन्या आकसतात, त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. जिथे धमनी शिरेवरून जाते तिथे ती शिरेला दाबते. तिथेच रक्ताची गुठळी झाली तर एका डोळ्याची नजर अचानक अंधुक होते, आणि दुखत मात्र काहीच नाही. पुढे वाहिन्यांतून रक्त आणि पाणी झिरपतं, पडद्यावर कापसासारखे पांढरे डाग दिसतात. दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटला तर नस सुकते, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. बीपी १८०/१२० च्या वर जाऊन नसेला सूज आली असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात भरती करावं लागतं. तिथेही बीपी हळूहळूच उतरवतात. एकदम खाली आणलं तरी नसेला धोका असतो. म्हणून गोळीचा डोस घरी स्वतःहून वाढवू नका, आणि बरं वाटतंय म्हणून बंद तर अजिबात करू नका.

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलला किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे न्या, डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. परत येताना त्यांना गाडी चालवू देऊ नका.