मीटरवर तास कमी, तर ट्रॅक्टर नवाच समजायचा का?

प्रश्न: काकांचा जुना डिझेल ट्रॅक्टर वर्षानुवर्षं शेडमध्ये उभा आहे. मीटरवर जेमतेम सहाशे तास दिसतात. थेट बॅटरी लावून सुरू केला तर चालेल का?

उत्तर: कृपा करून लगेच सेल्फ मारू नका! उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. जोर लावला की रिंग तुटते, लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, ओरखडे पडतात. आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. मग इंजिन हाताने फिरवून पाहा. अडलं तर थांबा, पुन्हा ऑइल सोडा. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा. तळाशी पाणी साचलेलं असतं, ते पंपात गेलं की पंप जाम होतो. इंजिन ऑइल, फिल्टर नवे घाला. स्टॉपचा दांडा ओढून ठेवून, ऑइलचा काटा हलेपर्यंत इंजिन थोडं थोडं फिरवा, मगच सुरू करा. क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटलेली असू शकते, मग क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे जातो, त्यामुळे समोर मोकळी जागा हवी.

मीटरबद्दल म्हणाल, तर जुने मीटर केबलवर चालतात. केबल तुटली की तास थांबतात, ट्रॅक्टर चालतच राहतो. मी आधी क्लचचं पायडल आणि औजार जोडायच्या दांड्यांची भोकं बघतो. भोकं गोल असतील तर सहाशे तासांवर विश्वास ठेवावा, झिजून लांबट झाली असतील तर नाही. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भेगा तपासा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं.