बांधकामाला इको-फ्रेंडली माल घेतला तर खर्च वाढतो का? आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट आहे, मुंबई

सरसकट नाही वाढत. निम्मा माल तर आधीच साइटवर येत असतो, फक्त कुणी त्याला इको-फ्रेंडली म्हणत नाही. पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीज केंद्रातली राख) असते आणि ओपीसीपेक्षा, म्हणजे साध्या सिमेंटपेक्षा, ती गोणी सहसा स्वस्तच पडते, आता स्ट्रेंथ सावकाश येते, शटरिंग (काँक्रीटचा साचा) उशिरा काढावं लागतं म्हणून कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करणार, करू द्या. रेतीचं म्हणाल तर खाडीच्या रेतीचा पास (सरकारी परवाना) मागितला की बरेच सप्लायर विषयच बदलतात, त्यापेक्षा क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) घ्या, आयएस ३८३ या खडी-रेतीच्या भारतीय मानकात बसते. त्याच कोडमध्ये २०१६ पासून जुन्या काँक्रीटची खडीपण चालते, एम२५ ग्रेडपर्यंतच्या आरसीसीत (सळईच्या काँक्रीटमध्ये; एमपुढचा आकडा म्हणजे ताकद) २० टक्के, एम१५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये तर १०० टक्के, पण आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचे इंजिनिअर) सही करायला कचरतात, म्हणून निदान बेडिंग (खालचा थर) नि पेव्हर ब्लॉकमध्ये तरी वापरा.

खरी गोची टेंडरमध्ये असते. बीओक्यूत (टेंडरमधल्या काम-मालाच्या यादीत) नुसतं ‘सिमेंट’, ‘रेती’ लिहून एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाव देणाऱ्याला, काम दिलं की जे स्वस्त मिळेल तेच येणार ना! आयटम लिहितानाच सिमेंटचा प्रकार टाका, रेतीच्या प्रत्येक गाडीचा पास मागा, आणि डेब्रिज अधिकृत जागी टाकल्याची पावती बिलाला जोडल्याशिवाय पेमेंट सोडू नका. नाहीतर डंपर रात्री कांदळवनात रिकामा होतो, हे काय मुंबईकराला सांगायला हवं?