संमीलन, संमेलन आणि नातीची वही

पंचवटीतल्या एका काकांचा प्रश्न आहे. दहावीतल्या नातीच्या वहीत 'सूर्यात हायड्रोजनच्या केंद्रकांचे संमीलन होते' असं वाक्य होतं. काकांना ती शुद्धलेखनाची चूक वाटली. लाल पेनाने 'संमीलन' खोडून त्यांनी 'संमेलन' केलं. नात भडकली. त्यात यूट्यूबवरचे हिंदी सर 'संलयन' म्हणतात. तर तिघांत बरोबर कोण?

नात. पण काका, तुमची शंका अगदीच फुकट गेलेली नाही. पेन उचलण्याआधी घरातलं पंचांग उघडलं असतंत, तर याहून मोठी शंका हाती लागली असती.

ग्रहणाच्या पानावर पाच शब्द असतात : स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. स्पर्श-मोक्षाचं स्नान रामकुंडावर होतं म्हणून ते दोन सगळ्यांच्या तोंडी आहेत, मधले कुणी वाचत नाही. बिंब पूर्ण झाकलं जातं तो क्षण संमीलन, पुन्हा उघडू लागतं तो उन्मीलन. ७ सप्टेंबर २०२५ च्या चंद्रग्रहणात स्पर्श रात्री ९.५७ ला होता आणि संमीलन ११.०१ ला. संस्कृतात 'मील्' हा दीर्घ धातू डोळे मिटण्याचा आहे. निमीलन, उन्मीलन त्याचेच. भेटण्याचा धातू ऱ्हस्व, 'मिल्'. 'संमेलन' त्याच्यावरून आलं. म्हणजे काटेकोर बोलायचं तर नातीच्या वाक्याचा अर्थ 'केंद्रकांनी डोळे मिटले' असा होईल! पण मराठीने 'मीलन' केव्हाच दीर्घ लिहून भेटीच्या अर्थाने घेतलंय, आणि विज्ञानातलं संमीलन त्या मराठी मीलनावर उभं आहे. चूक म्हणायची तर ती फार जुनी आणि सगळ्यांची आहे.

बरं, मग 'संमेलन' का नको? डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशकात ९४वं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे त्यांना येता आलं नाही. (योग बघा : ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी शिजतात हे ज्यांनी उलगडलं, त्या फ्रेड हॉइल यांचे ते शिष्य.) तिथे माणसं आली, भेटली, जेवली, पुस्तकं घेतली आणि आपापल्या घरी गेली. जेवढी आली तेवढीच परतली. संमेलन म्हणजे हे.

सूर्यात तसं होत नाही. अणूच्या मधोमध केंद्रक असतं आणि भोवती इलेक्ट्रॉन. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे नुसता एक प्रोटॉन. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश, तिथे इलेक्ट्रॉन कधीच सुटून गेलेले असतात आणि उघडे प्रोटॉन एकमेकांवर आदळत असतात. दोघांवरही धनभार, त्यामुळे जवळ येतील तसे ते एकमेकांना जोरात ढकलतात. हे ढकलणं म्हणजे जणू वाटेतला चढ, आणि एवढ्या उष्णतेतही तो बहुतेकांना चढवत नाही. पण क्वचित एखादा प्रोटॉन चढ न चढताच पलीकडे निघतो, कसारा घाटाची वळणं टाळून समृद्धीच्या बोगद्यातून गाडी निघावी तसा. भौतिकीत याला बोगद्याचंच नाव आहे. अशा टप्प्याटप्प्यांनी चार प्रोटॉनांचं एक हेलियमचं केंद्रक होतं. वाटेत दोघांचे न्यूट्रॉन झालेले असतात. आणि तराजूत घातलं तर चौघांच्या मूळ वजनात सुमारे ०.७ टक्का कमी भरतं. ती घट म्हणजेच ऊन. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यातलं ४० लाख टनांहून जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. चार आले, एक उरला, वजनही घटलं. याला संमेलन कसं म्हणणार?

आता हिंदी सरांचा 'संलयन'. यात 'ली' धातू आहे : लय, विलय, विलीन, तल्लीन. एकात एक मुरून जाणं. खरं सांगायचं तर अर्थाला हाच शब्द सगळ्यात चपखल आहे, आणि मराठीत तो लिहिणारेही आहेत. पण मराठी वर्गात 'संमीलन' रुळलाय, नातीने तोच लिहावा.

त्या सरांचं ऐकताना तिने खरी काळजी दुसऱ्याच शब्दाची घ्यावी. ते 'अणु' म्हणतात तेव्हा तो आपला रेणू असतो. आपल्या अणूला ते 'परमाणु' म्हणतात. संमीलन-संलयनात घोटाळा झाला तर फक्त शब्द बदलेल, इथे झाला तर अख्खं उत्तर चुकेल.

वहीतली खाडाखोड मात्र काका, तुम्हीच निस्तरा. निळ्या पेनाने.