स्पार्टाच्या योद्ध्यांवरच्या सिनेमा-कादंबऱ्यांत खरा इतिहास कितपत असतो?

‘३००’ हा सिनेमा पाहून तुम्ही भारावलात आणि मग मित्रानं ‘सगळं खोटं आहे’ म्हणून हवा काढून घेतली, असं तुम्ही लिहिलंय. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. हिरोडोटस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार भाषांतरातून दोनदा वाचलेला, ग्रीसच्या नादी लागलेला साधा वाचक आहे. तरी माझं मत सांगतो.

सिनेमातले गेंडे, राक्षस वगैरे मी केव्हाच माफ केलेत. उघड्या छात्यांवर मात्र थोडा राग आहे. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत ग्रीक इराणी सैन्यापुढे टिकले त्यात ब्राँझचं शिरस्त्राण, चिलखत, जवळजवळ तीन फुटी गोल ढाल आणि लांब भाला यांचा मोठा वाटा होता. इराण्यांचे भाले आखूड पडले, हे हिरोडोटसच सांगतो. ज्या चिलखतानं जीव वाचवले, तेच सिनेमानं पोटाचे स्नायू दिसावेत म्हणून काढून टाकलं! एफॉर मंडळीही डोंगरावर राहणारे रोगट पुजारी नव्हते. दरवर्षी निवडून येणारे ते स्पार्टाचे पाच अधिकारी. शिवाय तीनशे स्पार्टनांच्या सोबतीला हजारो इतर ग्रीक होते, आणि थेस्पिया नावाच्या छोट्या नगरातले ७०० जण शेवटच्या दिवशी आपखुशीनं मागे थांबून मेले. त्यांच्या नावाचं पोस्टर कुणी काढलं नाही.

पण मला खरा खटकतो तो एक वेगळाच प्रसंग. वाटेत भेटलेल्या सैनिकांना स्पार्टाचा राजा लिओनिडास विचारतो, तुझा धंदा काय? कुणी कुंभार निघतो, कुणी लोहार. मग तो आपल्या माणसांकडे वळतो आणि सगळे गर्जना करतात. थिएटरात टाळ्या. हा किस्सा मुळात लिओनिडासचा नाहीच. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकारानं तो जवळजवळ शंभर वर्षांनंतरच्या आगेसिलाउस या स्पार्टाच्या राजाबद्दल सांगितलाय. आणि प्लुटार्क तर थर्मोपिलीनंतर साडेपाचशेहून जास्त वर्षांनी लिहीत होता. आपल्या भाषेत बखरच म्हणा. दुबळी अर्भकं टाकून देण्याची प्रसिद्ध गोष्टही त्याच्याच लिखाणातून आलेली. खुद्द स्पार्टाच्या लोकांनी स्वतःबद्दल फारच थोडं लिहून ठेवलं, त्यामुळे आपण वाचतो ते बहुतेक परक्यांनी सांगितलेलं.

असो. किस्सा कुठल्याही राजाच्या नावावर टाका, त्यातला प्रश्न मात्र अर्धवट सोडलाय. ही माणसं कुंभारकाम, शेती काहीच करत नव्हती, तर खात काय होती? हेलटांनी पिकवलेलं. लॅकोनिया आणि मेसेनिया या स्पार्टाच्या ताब्यातल्या प्रदेशांतले हे जमिनीला बांधलेले गुलाम स्पार्टाच्या नागरिकांपेक्षा संख्येनं कितीतरी जास्त होते. प्लॅटियाच्या लढाईला (इ.स.पू. ४७९) ५,००० स्पार्टन गेले तेव्हा प्रत्येकामागे सात हेलट होते, असं हिरोडोटस म्हणतो. त्यांची धास्ती इतकी की एफॉर दरवर्षी हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे कुणाला ठार मारलं तरी पाप लागायला नको. थुसिडिडीज हा दुसरा ग्रीक इतिहासकार तर याहून भयंकर सांगतो: युद्धात पराक्रम केलेल्या सुमारे २,००० हेलटांना निवडलं, हार घालून देवळांभोवती मिरवलं, आता तुम्ही स्वतंत्र असं सांगितलं, आणि थोड्याच दिवसांत सगळे गायब केले.

हे वगळून स्पार्टाच्या तोंडी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द घालणं मला गेंड्यांपेक्षा मोठी थाप वाटते. तुमच्या मित्राला एवढंच सांगा की चूक शोधायची तर इथे शोध.

गंमत म्हणजे हे वगळणं अगदी जुनं आहे. थर्मोपिलीच्या लढाईनंतर इराणचा सम्राट झर्क्सीस याच्या आरमारातले लोक होड्या भरभरून प्रेतं बघायला आले. पडलेले सगळे स्पार्टाचे आणि थेस्पियाचेच, असं त्यांना वाटलं. त्यात हेलटही होते, हे हिरोडोटस जाता जाता नोंदवतो.

त्याच्याच ग्रंथात युरिटस नावाचा स्पार्टन आहे. डोळे आल्यामुळे त्याला छावणीतून मागे पाठवलं होतं. इराणी मागून आले हे कळताच त्यानं चिलखत मागितलं आणि आपल्या हेलटाला म्हणाला, मला लढाईपर्यंत ने. हेलटानं त्याला हाताला धरून नेलं, रणात सोडलं आणि तो पळून गेला. युरिटस मारला गेला. त्या हेलटाचं नाव हिरोडोटस देत नाही. मला कादंबरी लिहिता आली असती तर मी त्याच्या मागे पळालो असतो.