सीडी रायटर घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या कॅसेटवरची भजनं मी संगणकात उतरवून घेतली. आता ती त्यांच्या जुन्या सीडी प्लेअरसाठी राइट करायची आहेत, पण नव्या संगणकात ड्राइव्हच नाही. कुठला रायटर घेऊ?

उत्तर : नुसता सीडी रायटर शोधत बसू नका. डीव्हीडी रायटर घ्या, त्यावर सीडीही राइट होते. कॅबिनेटला पुढून सव्वापाच इंची कप्पा असेल आणि मदरबोर्डवर साटाची (आतले ड्राइव्ह केबलने जोडायची) एक जागा रिकामी असेल, तर आत बसणाराच ड्राइव्ह घ्या. त्याला वीज थेट संगणकाच्या पॉवर सप्लायमधून मिळते आणि तो जागेवर घट्ट बसतो, म्हणून मला तो अधिक भरवशाचा वाटतो. कप्पा नसेल तर यूएसबीचा चपटा ड्राइव्ह चालेल.

भजनं मात्र 'ऑडिओ सीडी' हा पर्याय निवडूनच राइट करा. एमपी3 फाइली नुसत्या कॉपी केल्या, तर जुन्या प्लेअरला त्या कळणार नाहीत. 700 एमबीच्या सीडीवर 80 मिनिटं मावतात. आणि एकदाच लिहिता येणारी सीडी-आरच आणा. पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून लेझरचा प्रकाश फार कमी परत येतो, त्यामुळे जुने प्लेअर ती बहुधा वाचत नाहीत.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, 52एक्सचाच रायटर घ्या. खरंच फरक पडतो का?

उत्तर : सीडीचा 1एक्स म्हणजे सेकंदाला 150 केबी. 52एक्सचा वेग फक्त सीडीच्या बाहेरच्या कडेला मिळतो. आतल्या बाजूला तो निम्म्याहूनही कमी असतो. 52एक्स गाठायला सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. थोडी वाकडी किंवा हलक्या प्रतीची सीडी त्या वेगाला थरथरते आणि चुका वाढतात. मी सीडी 16 किंवा 24एक्सवर राइट करतो, तेवढ्यात पाचेक मिनिटांत काम होतं. अगदी 1 किंवा 2एक्सवर उतरण्यातही फायदा नाही, आजच्या कोऱ्या सीडी त्या वेगासाठी बनवलेल्याच नसतात.

पैसे वाचवायचे तर वेगात वाचवा, कोऱ्या सीडीत नको. उत्तम रायटरही सुमार सीडीपुढे हतबल होतो. आणि राइट झाल्यावर 'व्हेरिफाय' होऊ द्या. चार मिनिटं जास्त लागतील, पण सीडी नीट झाली की नाही ते तिथल्या तिथे कळेल.

प्रश्न : लॅपटॉपला जोडलेला यूएसबी रायटर वाचतो नीट, पण राइट करताना मध्येच बंद पडतो. परत करू का?

उत्तर : थांबा, आधी वीज तपासा. राइट करताना लेझरला जास्त वीज लागते, आणि यूएसबी 2 च्या पोर्टमधून 500 मिलिअँपिअरच मिळतात. यूएसबी 3 च्या पोर्टला, तेही मधे हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) न लावता, जोडून पाहा. ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. तरीही बंद पडला, तर खुशाल परत करा.

प्रश्न : आमच्या 2008 च्या लग्नाची डीव्हीडी अडकत चालते. चांगल्या रायटरने ती सुधारेल?

उत्तर : डीव्हीडी सुधारणार नाही, पण आतलं चित्रण वाचण्याची आशा आहे. राइट केलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो थर खराब होतो. प्रत्येक ड्राइव्हची चूक सावरण्याची ताकद वेगळी. माझ्या मावशीची अशीच एक डीव्हीडी दोन ड्राइव्हनी नाकारली होती, तिसऱ्याने शेवटची काही मिनिटं सोडून सगळी वाचली. म्हणून शेजारी, ऑफिस, जिथे ड्राइव्ह मिळेल तिथे लावून पाहा. आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. एकदा वाचली गेली की लगेच हार्ड डिस्कवर उतरवा आणि दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. तिथे दोन्ही फाइली शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय जुनी डीव्हीडी टाकू नका.