आधी गिअरबॉक्स, मग इंजिन

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: २००२ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे, मूळ २.० लिटर इंजिनचं रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकवर जिथे फिरतो तिथलं) गेलंय, आणि त्या जागी २००४ च्या एसटीआयचं, म्हणजे याच गाडीच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचं, २.५ लिटर इंजिन बसवायचंय. गिअरबॉक्स मात्र तोच जुना ५-स्पीड ठेवायचा. टिकेल का?

माझ्याकडेही हीच गाडी गेली बरीच वर्षं आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. त्या इंजिनची सगळी ताकद वापरणार असाल तर नाही टिकणार. आधी गिअरबॉक्सचा निर्णय घ्या, इंजिनचे पैसे त्यानंतर भरा.

माझ्या गाडीत तर इंजिन मूळचंच होतं, फक्त बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवलेला. एका संध्याकाळी फ्रीमाँटजवळ हायवेच्या रॅम्पवर दुसऱ्यातून तिसरा टाकला आणि पाय पूर्ण दाबला. खालून एक कोरडा कडकडाट आला आणि तिसरा गिअर संपला. चौथ्यावर कशीबशी घरी आणली. ड्रेन प्लग उघडला तर त्याच्या चुंबकाला दात्यांचे तुकडे चिकटलेले. या गिअरबॉक्समध्ये पुढचा डिफरन्शियलही (पुढच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) त्याच तेलात फिरतो, त्यामुळे तुकड्यांनी त्याचीही वाट लावली होती.

असं का होतं ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. उसाच्या चरकात कांडं घातलं की दोन्ही लाट एकमेकांपासून दूर ढकलले जातात. गिअरचे दाते एकमेकांवर जोर लावतात तेव्हा दोन्ही शाफ्टचं तेच होतं. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचं काम ॲल्युमिनियमच्या केसिंगचं. ५-स्पीडचं केसिंग उभं चिरलेल्या दोन अर्ध्या भागांचं आहे. जोर वाढला की ते किंचित फाकतं, शाफ्ट हलतात, आणि दाते पूर्ण रुंदीने टेकायचे ते कडेवर टेकतात. सगळा भार कडेवर आला की दाता उडतो. तिसरा गिअर बहुतेकदा आधी जातो, कारण पूर्ण बूस्टवर सर्वांत जास्त वेळ आपण त्याच्यातच असतो. त्यात इंजिनचा जोर इथे चारही चाकांना जातो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जोर जास्त झाला की टायर घसरतो आणि गिअरबॉक्स वाचतो. इथे चारही टायर रस्ता सोडत नाहीत, मग सुटायला जागा उरते ती फक्त दात्यांना.

तुम्ही ‘३०० हॉर्सपॉवर झेपेल का’ असं विचारलंय, आणि घोडं इथेच पेंड खातं. दात्यांना हॉर्सपॉवरशी देणंघेणं नाही, त्यांना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोडतो. अमेरिकेतल्या २००२ च्या डब्ल्यूआरएक्सचा टॉर्क सुमारे २९४ न्यूटन-मीटर, २००४ च्या एसटीआयचा सुमारे ४०७. म्हणजे जवळजवळ ३८ टक्के जास्त, तोही ४,००० आरपीएमलाच. त्या क्षणी इंजिन जेमतेम २२८ हॉर्सपॉवर देत असतं. पुढे ६,००० ला ते पूर्ण ३०० देतं तेव्हा टॉर्क ३५६ च्या आसपास उतरलेला असतो. गिअरबॉक्सचा खरा कस आधीच्या जागी लागतो, आणि रस्त्यावर आपल्याला मजा येते तीही नेमकी तिथेच.

म्हणून माझं मत, एसटीआयचा ६-स्पीड घ्या. त्याचे गिअर रुंद आहेत, आत तेलाचा पंप आहे, आणि तो याच टॉर्कसाठी बनवलेला आहे. पण नुसता गिअरबॉक्स आणून भागत नाही. तुमच्या गाडीत पुढच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो ते) ३.९ आणि मागच्या डिफरन्शियलचं ३.५४५ आहे, आणि मधला फरक ५-स्पीडच्या आतला, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा १.१ चा ट्रान्सफर गिअर भरून काढतो. अमेरिकन एसटीआयच्या ६-स्पीडमध्ये ट्रान्सफर १:१, म्हणून मागेही ३.९ चाच हवा. जुना मागचा डिफ तसाच ठेवलात तर सरळ रस्त्यावरही सेंटर डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा) सतत फिरत राहील आणि तापून खराब होईल. जपानहून आलेले काही ६-स्पीड १.१ ट्रान्सफरचे असतात, त्यांना मागे ३.५४५ लागतो. तेव्हा विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता दोन्ही गुणोत्तरं स्वतः मोजून घ्या. एसटीआयचा मागचा डिफरन्शियल (आर१८०), त्याचे ॲक्सल, प्रॉपेलर शाफ्ट, क्लच आणि फ्लायव्हील, शक्यतो सगळं एकाच गाडीतलं घ्या. ती गाडी २००४ ची असेल तर उत्तम, कारण तिचे हब ५×१०० चे, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळात पाच बोल्टचे आहेत आणि तुमची चाकं तशीच बसतील. २००५ पासून ते ५×११४.३ झाले. सेंटर डिफचा कंट्रोलरही विसरू नका; तो जोडला नाही तर डिफ उघडाच राहतो, म्हणजे पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जात नाहीत.

एवढा खर्च आत्ता शक्य नसेल तर ५-स्पीडवरही गाडी चालवता येईल, पण ट्यूनरला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग करणाऱ्याला) पहिल्याच दिवशी सांगा की खालच्या आरपीएमला बूस्ट हळू चढू दे, ताकद वरच्या आरपीएमला काढ. सिग्नलवरून क्लच सोडून उडी मारणं कायमचं बंद. ५-स्पीडच्या केसिंगमध्ये पीपीजी या कंपनीचे मजबूत गिअर बसवणारे बरेच जण आहेत. दाते नक्कीच भक्कम होतात, पण केसिंग तेच राहतं. माझा पैसा मी तिथे घातला नाही.

इंजिनबद्दल थोडंच सांगतो. एसटीआयचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, तुमचा केबलचा, म्हणून बरेच लोक २.५ चा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) घेऊन त्यावर २.० चीच हेड (व्हॉल्व्ह असलेली वरची झाकणं) आणि वायरिंग ठेवतात. पण त्या हेडची पोकळी ९२ मिमी बोअरसाठी (सिलिंडरच्या व्यासासाठी) कोरलेली आहे आणि खाली सिलिंडर ९९.५ चा येतो. तेवढी कड नीट करून घ्यावी लागते आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमधला इंधन-इग्निशनचा मॅप नव्याने बनवावा लागतो. शिवाय तुम्ही कॅलिफोर्नियात आहात. इथे बदललेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, उत्सर्जनाचे सगळे मूळ भाग सोबत हवेत, आणि ते स्मॉग रेफरीकडून (उत्सर्जन तपासणीच्या सरकारी केंद्राकडून) तपासून घ्यावं लागतं. हेड एकाचं, ब्लॉक दुसऱ्याचा, असं जोडकाम तिथे अडचणीत आणू शकतं. काही सुटं करण्याआधीच रेफरीला विचारा.

आणि एक, बेअरिंग गेलेल्या इंजिनचा ऑइल कूलर नव्या इंजिनला लावू नका. धातूचा चुरा त्याच्या आत अडकून राहतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. तो नवा घ्या, ऑइल पिकअपही (तळातून तेल ओढणारी नळी) नवा, आणि टर्बोच्या तेलाच्या नळीतली बारीक जाळी काढून बघा.